पेरूवरच्या तांबड्या मुंग्या

मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. भाजी फोडणीला टाकली की ती शिजेपर्यंत मी दोनदा मागच्या अंगणात जाऊन येते, फोनवर बोलताना घरभर फिरते, आणि कुणी 'थांब जरा' म्हटलं की माझं डोकंच फिरतं. नवऱ्याला याची सवय झाली आहे. बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधीच झाली नाही. "तुझ्या पायाला भिंगरी आहे," असं ते मी शाळेत होते तेव्हापासून म्हणत आले आहेत.

बाबा आमच्याकडे पनवेलजवळ विचुंब्याला राहायला आले त्याला आता तीन वर्षं होतील. आई गेल्यावर वर्षभर ते एकटे राहिले, पण मग पायांमुळे जमेना. मधुमेह जुना, आणि पावलांमधली जाणीव हळूहळू गेलेली. एकदा ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन आले ते एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. वाटेत चप्पल निसटलेली त्यांना कळलीच नव्हती. पनवेलच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नाही, बाबांच्या तोंडावरच सांगितलं. "आजोबा, जखम झाली तर तुम्हाला दुखणार नाही, आणि दुखणार नाही म्हणून कळणार नाही. कळेपर्यंत बोट जाईल, मग पाऊल. रोज संध्याकाळी घरातल्या कुणीतरी यांचे तळवे बघायचे. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. बसताना पाय वर घेऊन बसा, सूज उतरेल."

बाबांनी मान हलवली. त्यांचे थोरले भाऊ याच दुखण्यात एक पाय गमावून शेवटची पाच वर्षं खाटेवर होते, आणि त्यांचं सगळं बाबांनीच केलं होतं. त्यामुळे डॉक्टर काय बोलतायत ते त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. घरी येताना रिक्षात ते आपल्या पावलांकडे बघत होते. मीच बडबडत होते, कुठले मोजे घ्यायचे, कुठली चप्पल घ्यायची.

मुलीच्या घरी राहायचं आणि जेवायचं हे त्यांना जड गेलं. त्यांच्या पिढीचे लोक मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. तोंडाने ते काही म्हणाले नाहीत, पण आल्याच्या चौथ्या दिवशी खुरपं मागितलं. आमच्या रो-हाउसच्या मागे वीस पावलांचं अंगण आहे. त्यात आधीच्या मालकाने लावलेला पेरू, एक चिकू आणि एक लिंबू. आमच्या लेखी ती झाडं म्हणजे कपड्यांची तार बांधायची सोय होती. बाबांनी आळी केली, सुकलेल्या फांद्या काढल्या, भाज्यांची सालं पुरली. दुसऱ्याच वर्षी पेरू असा धरला की शेजारीपाजारी वाटून उरले. "हे माझ्या जेवणाचे," असं बाबा एकदा हसत म्हणाले. मला ते आवडलं नाही आणि मी तसं सांगितलंही. पण झाडं मात्र त्यांची झाली.

आणि त्यांच्याबरोबर मुंग्याही.

जेवायला बसले की बाबा ताटाभोवती पाणी फिरवतात आणि उजव्या हाताला भाताची पाच शितं मांडतात, चित्राहुती. आमच्या घरात आता हे कुणी करत नाही. जेवण झालं की ती शितं आणि वर थोडा दही-भात एका पानावर घेऊन ते पेरूच्या बुंध्याशी ठेवायचे. मुंग्या जणू वाट पाहत असायच्या. साध्या काळ्या होत्या तोवर मी काही बोलले नाही. पण गेल्या पावसाळ्यानंतर पेरूवर त्या तांबड्या, लांब पायांच्या मुंग्या आल्या, पानं एकमेकांना शिवून घरटी बांधणाऱ्या. बघता बघता अशी चार-पाच घरटी झाली. पेरू काढायला हात वर केला की कोपरापर्यंत चढायच्या आणि अशा चावायच्या की डोळ्यांत पाणी यायचं. तारेवरून त्या कपड्यांत येऊ लागल्या. एकदा नवऱ्याच्या शर्टातून निघाल्या तेव्हा ते बाथरूममधून ओरडतच बाहेर आले.

मी पावडर आणली. बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि कपाटावर ठेवली.

"ज्यांना माझ्या ताटातलं घालतो त्यांना विष घालू?" ते म्हणाले. "हवं तर झाडावर चढू नकोत असं काहीतरी कर. पण मारायचं नाही."

मला मुंग्यांचं काही पडलेलं नव्हतं. मला भीती होती ती त्यांच्या पायांची. कारण बाबा ते पान ठेवायला अनवाणी जायचे. अन्न घालताना पायात चप्पल कशी, असं त्यांचं म्हणणं. मी रागावले, विनवलं, डॉक्टरांचं नाव घेतलं. ते हो म्हणायचे, आणि मी आत वळले की मागच्या दारात त्यांच्या चपला दिसायच्या. नीट जोडीने काढून ठेवलेल्या.

मग मी हळद टाकून पाहिली. बुंध्याभोवती चुन्याची रेघ ओढली. तेलाचा डबा कापून बुंध्याभोवती बसेल असं गोल पाळं केलं आणि त्यात पाणी भरून आळ्यात बसवलं. हळद मुंग्यांनी ओलांडली, चुना दवात विरघळला, आणि पाण्यावर वाळकी पानं पडून त्यांचा पूल झाला. रोज सकाळी उठले की मी आधी तोंड न धुता मुंग्या बघायला जायची. त्या माझ्या डोक्यातच चढल्या होत्या म्हणा ना.

अखेर भिंतीपलीकडच्या चाचांना विचारलं. चाचा उरणकडचे. अर्धं आयुष्य कुवेतला नोकरी करून आता इथे कुंड्यांमध्ये कलमं करत बसतात. बाबांना ते मास्तर म्हणतात, कारण बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. चाचा भिंतीवरून वाकून झाडाकडे बराच वेळ बघत राहिले, मग एक पान उलटं करून मला दाखवलं. पानाच्या मागे कापसासारखे पांढरे किडे चिकटले होते.

"हा पिठ्या ढेकूण. याच्या अंगातून गोड चिकटा गळतो, तो चाटायला त्या येतात. पेरूशी त्यांना काही देणंघेणं नाय."

"त्यांच्या गाई आहेत त्या," बाबा खुर्चीवरून म्हणाले. "मी मुलांना हेच शिकवायचो."

"बरोबर, मास्तर. तर ताई, आता नीट ऐका. आधी पाइपाने जोरात पाणी मारून हे ढेकूण धुवायचे. आठ दिवस, रोज. गोड संपलं की त्या आपोआप कमी होतात. मग भिंतीला आणि तारेला लागणाऱ्या फांद्या छाटायच्या. मग पहाटे, थंडीत त्या आत गप असतात तेव्हा, घरटी फांदीसकट कापून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर भेंडीच्या झाडावर, भाजीची भेंडी नाय, ते मोठं झाड, त्यावर नेऊन अडकवायची. मी करंजा बंदरावरून सुके बोंबील आणतो, त्यांची डोकी तिथे बांधीन. खायला मिळालं की त्या तिथेच रमतील. आणि हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, बुंध्याला पट्टी. जुनी चादर गुंडाळा, वर प्लास्टिक, त्यावर ग्रीस. सालीला ग्रीस लागता कामा नये, झाड गुदमरतं. जल्दबाजी नका करू. सब्र ठेवा."

बोंबलांचं नाव ऐकून बाबांनी नाक मुरडलं, पण मोकळ्या प्लॉटवर असतील तर चालतील म्हणाले. मला तर त्या आठ दिवसांनीच घाम फुटला. एक दिवस पाणी मारलं, फांद्या छाटल्या, तार सोडून गॅलरीत बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅरेजमधून ग्रीसचा डबा आणला आणि पट्टी बांधून मोकळी झाले. घरटी वरच होती. मी स्वतःला सांगितलं की पट्टीमुळे खालच्या मुंग्या वर जाणार नाहीत, वरच्या कंटाळून कधीतरी जातील, आणि चाचांचं काय, त्यांना वेळच वेळ आहे.

संध्याकाळी बुंध्यावर एक मुंगी दिसली नाही. मी बाबांना हाताला धरून दाखवायला नेलं.

"वरच्यांचं काय?" ते म्हणाले.

"वरच्यांचं त्या बघतील," मी म्हणाले.

त्यापुढचे तीन दिवस मी खुशीत होते. खरंच होते. मैत्रिणींना फोन करून सांगितलं की एकही मुंगी न मारता झाड मोकळं केलं. पट्टीच्या वरच्या कडेला त्या जमून घोळका करत होत्या, एकमेकींना धरून लोंबत होत्या, ते मला दिसत होतं. मला त्याची गंमत वाटली.

आदल्या संध्याकाळी बाबांच्या पावलावर चार-दोन लाल ठिपके होते, ते मी डासांचे समजून क्रीम लावून सोडून दिले होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे बाबांचे मोजे काढले. उजव्या पावलावर, घोट्यापासून बोटांपर्यंत, लाल पुरळ उठलं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात तीन फोड, त्यातला एक फुटलेला. मोज्याला पिवळा डाग. बाबा टीव्हीवरच्या बातम्या बघत होते.

"बाबा, हे काय?"

त्यांनी वाकून पाहिलं. "अरे," एवढंच म्हणाले.

काय झालं ते कळायला मला अंगणात जावं लागलं नाही. डॉक्टरांनी पाय वर घेऊन बसायला सांगितलं होतं. बाबा दुपारी पेरूखाली खुर्ची टाकून बसायचे आणि उजवा पाय पेरूच्या खालच्या फांदीवर टेकवायचे, चप्पल आणि मोजा काढून. ती फांदी माझ्या पट्टीच्या वर फुटलेली. वर अडकलेल्या शेकडो मुंग्यांना जमिनीवर उतरायला तेवढीच एक वाट उरली होती, बाबांचा पाय.

माझ्या अंगातलं सगळं रक्त डोक्यात गेलं. मी आत जाऊन मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. नवऱ्याने विचारलं काय करतेस, मी गॅस मोठा केला. पातेलं फडक्याने धरून मी मागच्या दारापर्यंत आले तर दारात बाबा उभे. एक पाय उघडा, टाच टेकलेली, चौकट धरून.

"त्यांनी काय केलं?" ते म्हणाले. "वाट तू बंद केलीस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. मी पातेलं ओट्यावर नेऊन ठेवलं आणि रिक्षा बोलावली.

पुढचे तेवीस दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. एक दिवसाआड ड्रेसिंग. करंगळीचा बेचका काळसर दिसू लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू, नाहीतर बोट काढावं लागेल. त्या दोन दिवसांत मी घरातली सगळी कपाटं आवरली, गाद्यांना ऊन दिलं, चाळीस मिनिटांत पाच वेळा बाबांच्या खोलीत डोकावले. बसले की मला तो फोड दिसायचा. मला माझाच संताप येत होता, असा की कुणाशी बोलताना आवाज चढायचा आणि मग ऐकणाऱ्याची माफी मागायला लागायची. आठ दिवस थांबायचं होतं. फक्त आठ दिवस. चाचा विचारपूस करायला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. आता ते बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. ते चहा संपवून उठले. दुसऱ्या दिवशी पहाटे कोयती आणि पोतं घेऊन आले आणि एकट्याने घरटी उतरवून मोकळ्या प्लॉटवर नेली. हातभर चावे सोसून परत आले आणि माझ्याकडे फक्त खोबरेल तेल मागितलं.

बोट राहिलं. काळेपणा आत गेला नाही, बाहेरच्या बाहेर सुकला. डॉक्टर म्हणाले, नशीब. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी रडले. बाबा शेजारी बसून माझं रडणं संपायची वाट बघत राहिले.

घरी आल्यावर मी त्यांना म्हणाले, "तुम्हाला दुखलं नाही, हे मला कळतं. पण दिसलं कसं नाही? दुपारचं ऊन, पाय डोळ्यांसमोर. एवढ्या मुंग्या अंगावरून जातायत."

बाबांनी चष्मा काढून पुसला.

"दिसत होत्या," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून दिसत होत्या. मी बघत बसायचो. आता चावतील, आता चावतील. एवढ्या चावल्यावर एखादी तरी कळेल असं वाटायचं."

मी त्यांच्या पायाखालची उशी सरकवून नीट केली.

"चप्पल काढून जायचो तेही काही सगळं अन्नासाठी नव्हतं," ते पुढे म्हणाले. "मातीवर पाय ठेवला की रोज वाटायचं, आज थोडं गार लागलं. मग घरात येऊन फरशीवर बघायचो. तुला सांगितलं असतं तर तू कावली असतीस."

कावले असते. त्यांनी माझी बरोबर पारख केली होती. तीन वर्षं मी त्यांचे तळवे रोज बघत होते, जखम शोधत होते, नखं कापत होते, क्रीम लावत होते, आणि ते मात्र रोज सकाळी उठून आपले पाय शोधत होते. त्यांच्या भीतीबद्दल मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे थांबून उत्तर ऐकावं लागलं असतं.

आता अंगणातली व्यवस्था अशी आहे. पट्टी आहे, पण कुठलंही घरटं वर राहिलेलं नाही हे बघून मग बांधलेली, आणि ग्रीस वाळलं की बदलायची. दर रविवारी पानं उलटून पिठ्या ढेकूण बघायचे आणि दिसले तर पाइपाने धुवायचे, हे काम माझं. मला ते घाईने करता येत नाही, एकेक पान बघावंच लागतं. चित्राहुतीचं पान भिंतीच्या टोकाला एका फरशीच्या तुकड्यावर जातं आणि ते मी ठेवते, अनवाणी, बाबांच्या देखत. काळ्या मुंग्या तिथे येतात. तांबड्या पलीकडच्या भेंडीवर आहेत, अधूनमधून दोन-चार टेहळणीला येऊन परत जातात. बाबा मोजे आणि बूट घालून मागच्या दाराबाहेरच्या ओट्यावर बसतात आणि तिथून मला सूचना देतात.

आणि संध्याकाळी तळवे बघून झाले की मी आणखी दहा मिनिटं बसते. ते डोळे मिटतात, मी कापसाचा बोळा हळूच एकेका बोटावरून फिरवते आणि विचारते, कळलं? हे मीच सुरू केलं, डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. बहुतेक वेळा ते मान हलवतात, नाही. कधी अंदाजाने बोट सांगतात आणि चुकतात. मग आम्ही दुसऱ्या पायाकडे वळतो. त्या दहा मिनिटांत मी उठत नाही, फोन वाजला तरी नाही.

परवा मी त्यांचा पाय मांडीवर घेतला, त्यांनी डोळे मिटले, आणि मला कापूसच सापडेना. मी इकडेतिकडे चाचपत होते. दिवसभराच्या कामाने मी थकले होते, आणि तो थकवा माझ्या श्वासात त्यांना ऐकू गेला असावा.

"कळलं," बाबा म्हणाले. "अंगठा. अगदी स्पष्ट कळलं."

माझे दोन्ही हात रिकामे होते. त्यांनी डोळे उघडले नव्हते आणि चेहऱ्यावर हसू होतं, मला बरं वाटावं म्हणून आणलेलं.

"हो बाबा," मी म्हणाले, "अंगठाच होता."